‘करावंच लागेल’चं ‘करता येईल’ झालं तेव्हा: पाचव्या अनुसूचीवरचा वाद आणि आपला खान्देश

अक्कलकुवा तालुक्यात शिकवणाऱ्या आणि सोबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: “पाचवी अनुसूची म्हणजे इंग्रजांच्या कायद्यातला एक तुकडा, संविधान सभेने तो जसाच्या तसा उचलला, त्यावर फारसा वाद झालाच नाही, असं आम्हाला शिकवतात. हे खरं आहे का? आणि आमच्या गावातल्या माणसाला त्या वादाशी काय घेणं-देणं?”

ताई, मी तीसेक वर्षं धुळे-नंदुरबारच्या महसुली आणि दिवाणी न्यायालयांत वकिली करतो. त्यातली निम्म्याहून अधिक प्रकरणं आदिवासींच्या जमिनींची. पाचवी अनुसूची म्हणजे आदिवासींच्या ‘अनुसूचित क्षेत्रां’चा कारभार कसा चालावा हे सांगणारा संविधानाचा भाग. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर मला त्यातूनच सापडलं.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातला एक म्हातारा माझ्याकडे आला होता. धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं सोडून त्याने टेबलावर एकेक कागद मांडला. जुना सातबारा, घडीच्या रेघेवर फाटलेला एक फेरफाराचा उतारा, शेतसाऱ्याच्या दोन पावत्या. फेरफारावर खाली जांभळ्या शाईचा अंगठा होता, त्याच्या वडिलांचा. मी वाचत होतो आणि तो एवढंच म्हणाला, “जमीन मनी शे, कागद त्यास्ना शे.” जमीन माझी, कागद त्यांचा. फेरफारात लिहिलं होतं की जमीन कुळाने खरेदी केली. कूळ म्हणजे गावातला एक बिगरआदिवासी बागायतदार. मूळ मालक भिल्ल, आणि कूळ त्याच्या दसपट ऐपतीचं!

तुम्ही म्हणाल, कूळकायदा तर गरिबासाठी होता. होता ना. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. कोकणात, देशावर या कायद्याने कित्येक गरीब कुटुंबं उभी राहिली. पण सातपुड्याच्या पायथ्याला चित्र उलटं होतं. इथे कर्जापायी किंवा दोन पोती धान्यापायी आदिवासीने जमीन सावकाराला कसायला दिलेली असे आणि स्वतः त्याच जमिनीवर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून राबत असे. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत नाव सावकाराचं. मग कायद्याच्या डोळ्यांना कूळ दिसलं ते सावकार, आणि जमीनमालक दिसला तो सालदार. ‘कसेल त्याची जमीन’ या न्यायाने सालदाराची जमीन गेली.

हे थांबवता आलं असतं का? आलं असतं. ‘हा कायदा या भागाला लागू नाही’ असं म्हणण्याची तरतूद पाचव्या अनुसूचीत होती आणि आहे. ती वापरली का गेली नाही, हे शोधताना मी संविधान सभेच्या चर्चेपर्यंत पोहोचलो. वाद झाला नाही म्हणता? ताई, एका क्रियापदावर वाद झाला, आणि त्या क्रियापदाची किंमत आपल्या तालुक्यांनी मोजली.

आता थोडं मागे जाऊ.

१८१८ साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा मैदान त्यांनी लवकर बसवलं, डोंगर मात्र बसेना. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांकडूनच भिल्लांना आवरायचं म्हणून. डोंगरात मेवासी सरदारांशी, म्हणजे तिथल्या आदिवासी प्रमुखांशी, जुळवून घ्यावं लागलं. पुढे १८७४ चा अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा आला. जिथे नेहमीचे कायदे लावायचे नाहीत अशा भागांची यादी त्याला जोडलेली होती. त्या यादीत आपल्या खान्देशातली सहा नावं आहेत: काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा, नवलपूरचे पाडवी. यांच्या मालकीची गावं.

हीच सहा नावं इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली १९३६ मध्ये निघालेल्या आदेशात पुन्हा येतात. सोबत नवापूर पेठा, अक्राणी महाल, पूर्व खान्देशातलं सातपुड्याचं राखीव जंगल. आणि स्वतंत्र भारताच्या राष्ट्रपतींनी १९५० मध्ये अनुसूचित क्षेत्रांचा आदेश काढला, त्यातही तीच सहा नावं. एक राज्य गेलं, दुसरं आलं, राजाच्या जागी राष्ट्रपती आले, पण काठीच्या पाडवींची ओळ हलली नाही. आजही नंदुरबारच्या कोर्टात शिपाई पुकारा करतो तेव्हा पाडवी, वळवी, वसावे हीच आडनावं कानावर पडतात, आणि मला दर वेळी ती यादी आठवते. काठीची होळी बघायला लांबून लोक येतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की त्या गावाचं नाव तीन वेगवेगळ्या काळांच्या कायद्यांत आहे?

तेव्हा ‘इंग्रजांकडून उचललं’ म्हणणाऱ्यांचं यादीपुरतं बरोबर आहे. पण यादी म्हणजे अनुसूची नव्हे. यादी सांगते कुठे, अनुसूची सांगते काय आणि कुणाच्या हाताने. खरा झगडा त्या ‘कुणाच्या हाताने’वर झाला.

या झगड्याचं एक टोक आपल्याच मातीत आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. १९३५ चा कायदा आम्हाला मान्य नाही, आमची घटना आमची संविधान सभा करील, अशी मागणी तिथे झाली, हे आपण शाळेत शिकतो आणि अभिमानाने सांगतोही. पण त्याच अधिवेशनात आणखी एक ठराव झाला होता, तो कुणी सांगत नाही. ‘वगळलेले’ आणि ‘अंशतः वगळलेले’ प्रदेश, म्हणजे १९३५ च्या कायद्याने नेहमीच्या कायद्यांबाहेर ठेवलेले आदिवासी भाग, वेगळे काढणं म्हणजे देशातल्या लोकांचे गट पाडण्याचा आणि तिथली जंगलं-खनिजं आपल्या मुठीत ठेवण्याचा सरकारचा डाव आहे, असा त्याचा आशय होता. फैजपूरच्या मंडपातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. ज्या राखीव जंगलाला त्याच वर्षीच्या आदेशाने अंशतः वगळलेलं ठरवलं होतं, ते हेच. म्हणजे ठराव ज्या डोंगराबद्दल होता तो डोंगर समोर उभा होता.

ठरावाची बाजू मला पटते, आणि त्यातली त्रुटीही दिसते. इंग्रजांना आदिवासींचा कळवळा होता असं मानायचं कारण नाही. सागवान कुणी नेलं ते आपल्याला माहीत आहे. पण ‘वेगळेपण काढून टाका’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांपैकी बहुतेक मैदानातले होते. आणि आदिवासीच्या जमिनीवर डोळा ठेवणारा माणूसही मैदानातलाच होता.

तज्ज्ञांतही हाच वाद पेटला होता. व्हेरिअर एल्विन मंडल्याच्या जंगलात बैगा लोकांमध्ये राहत होते. बाहेरच्यांचा शिरकाव थांबवल्याशिवाय ही माणसं टिकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख असलेले गो. स. घुर्ये, आपले मालवणचे, याच्या अगदी विरुद्ध. हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना वेगळं ठेवणं म्हणजे मागास ठेवणं, असं ते सांगत. तिसरे ठक्कर बाप्पा. पेशाने इंजिनिअर, नोकरी सोडून भारत सेवक समाजात आले, १९२२ मध्ये दाहोदला भील सेवा मंडळ काढलं. दाहोद तेव्हा मुंबई इलाख्यातच. बाप्पांना वेगळेपणा मान्य नव्हता, पण सावकार आणि दारूचा ठेकेदार काय करतो हे त्यांनी भिल्लांच्या झोपड्यांत बसून पाहिलं होतं. माझ्या मते या तिघांत जमिनीवर पाय होते ते बाप्पांचे. पुढे त्यांच्याच हाती काम आलं. संविधान सभेच्या सल्लागार समितीने, जिचे अध्यक्ष सरदार पटेल होते, आसाम सोडून बाकी वगळलेल्या प्रदेशांसाठी जी उपसमिती नेमली तिचे अध्यक्ष ठक्कर बाप्पा. आसामची वेगळी उपसमिती गोपीनाथ बारदोलोईंकडे. तिथून सहावी अनुसूची निघाली, इकडून पाचवी.

बाप्पांच्या समितीत एक सदस्य असा होता ज्याच्यावाचून हा सगळा इतिहास म्हणजे इतरांनी आदिवासींबद्दल केलेली चर्चा ठरली असती. जयपाल सिंग. रांचीकडचे मुंडा, ऑक्सफर्डला शिकलेले, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार, आदिवासी महासभेचे अध्यक्ष.

संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ ला बसली. चार दिवसांनी नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १९ तारखेला जयपाल सिंग बोलायला उभे राहिले. मी जंगली आहे, याचा मला अभिमान आहे, अशा सुरात त्यांनी सुरुवात केली. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, लोकशाहीची रीत तुम्हीच त्यांच्याकडून शिकायला हवी, असं त्यांनी सभेला ऐकवलं. आपल्या लोकांची सहा हजार वर्षं लूट झाली, सभेत बसलेले बहुतेक लोक या भूमीत मागून आलेले आहेत, हेही सांगितलं. आणि हे सगळं सांगून नेहरूंच्या ठरावाला त्यांनी पाठिंबाच दिला! ते भाषण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटवता आलं नाही. तक्रारीचा पाढा एवढा मोठा, आणि तरी विश्वास टाकायची तयारी एवढी.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, शब्दावरून खटका उडाला. संचाराच्या, वस्ती करण्याच्या आणि मालमत्तेच्या स्वातंत्र्यावर आदिवासींच्या हितासाठी बंधन घालता येईल, असं कलम चर्चेला होतं. आजचं कलम १९(५). जयपाल सिंगांचा आग्रह ‘आदिवासी’ या शब्दाचा. डॉ. आंबेडकरांचं उत्तर वकिलाचं होतं: आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, कायद्यात त्याला ठरलेला अर्थ नाही. अनुसूचित जमाती म्हटलं की यादी समोर येते, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरतं. न्यायालयात वाद उभा राहिला तर ‘आदिवासी म्हणजे कोण’ यावरच घोडं अडायला नको.

या मुद्द्यावर मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. जातपडताळणीची प्रकरणं चालवणारा कुणीही असेल. यादी असूनही आज एवढी भांडणं आहेत, ती नसती तर आमच्याकडच्या खऱ्या पावऱ्याला, मावचीला, तडव्याला काय उरलं असतं? पण जयपाल सिंगांना काय बोचत होतं तेही कळतं. ‘आदिवासी’ म्हटलं की इथले आधीचे. ‘अनुसूचित’ म्हटलं की कुणीतरी यादीत घातलेले. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात नोंद. गंमत अशी की कायद्याने नाकारलेला तो शब्द लोकांनी सोडला नाही. महाराष्ट्रात खातंसुद्धा ‘आदिवासी विकास विभाग’ या नावाने चालतं.

आता मूळ क्रियापदाकडे येतो. इथे जरा सावकाश वाचा, कारण परीक्षेच्या पुस्तकांत हे सापडत नाही.

१९३५ च्या कायद्यात कलम ९२ असं होतं की या प्रदेशांना कोणताही कायदा आपोआप लागू होणार नाही. गव्हर्नरने ‘लागू’ म्हटलं तरच होईल. म्हणजे दार बंद, किल्ली गव्हर्नरकडे. संविधान सभेने हे उलटं केलं. आता प्रत्येक कायदा लागू होणारच, राज्यपालाने ‘नको’ म्हटलं तर थांबेल. दार उघडं, कडी राज्यपालाकडे. हा बदल माझ्या मते योग्यच होता. लोकांनी निवडलेल्या विधानसभेचे कायदे देशाच्या एका भागाला मुळातच नाकारणं लोकशाहीत बसत नाही. फैजपूरच्या ठरावातलं बळ इथे कामी आलं.

पण उघड्या दारातून कोणीही आत शिरू नये म्हणून राखण लागते. ती राखण म्हणजे जनजाती सल्लागार परिषद, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य विधानसभेवर निवडून आलेले आदिवासी प्रतिनिधी. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा या परिषदेच्या हातात खरी काठी होती. लग्न, वारसा, सामाजिक चालीरीती, राखीव जंगल सोडून बाकी जमीन, कुळांचे हक्क, गावाचा कारभार या विषयांवरचा एखादा कायदा आमच्या भागाला नको असं परिषदेने सांगितलं, तर राज्यपालाने तसा आदेश काढायचाच. ‘काढता येईल’ नव्हे, ‘काढावा लागेल’. ‘कुळांचे हक्क’ हे शब्द मसुद्यात स्पष्ट होते. पुढे आणखी: अनुसूचित क्षेत्रात आदिवासीने बिगरआदिवासीला जमीन हस्तांतरित करणं कायदेशीर असणार नाही, असं थेट मसुद्यातच लिहिलेलं. कुणाच्या परवानगीचा प्रश्न नाही, नियम करायची वाट बघणं नाही. आणि सावकारी? परिषदेने सांगितलं तर परवान्याशिवाय सावकारी बंद, तेही राज्यपालावर बंधनकारक.

५ सप्टेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी या मजकुराच्या जागी नवा मजकूर मांडला. त्यात तीन गोष्टी बदलल्या. परिषद सल्ला देईल तो राज्यपाल जे विषय तिच्याकडे पाठवतील त्यांवर. कायदा थांबवायचा की नाही हे राज्यपाल ठरवू शकतील, परिषदेच्या सांगण्याने बांधले जाणार नाहीत. आणि जमीन हस्तांतराची सरळ बंदी गेली. तिच्या जागी ‘राज्यपालांना असे विनियम करता येतील’ असं आलं, तेही परिषदेशी विचारविनिमय करून आणि राष्ट्रपतींच्या संमतीने.

‘करावंच लागेल’चं ‘करता येईल’ झालं ते इथे.

जयपाल सिंगांनी त्याच दिवशी सभागृहात तक्रार केली की परिषदेची ताकदच काढून घेतली आहे. नव्या मजकुराच्या बाजूने जे सांगता येतं ते असं: गोठवलेली तरतूद पुढे अडचणीची होते, म्हणून अनुसूचीत साध्या कायद्याने बदल करायची मुभा संसदेला देण्यात आली. प्रत्येक राज्याची परिस्थिती वेगळी, म्हणून विनियम करायची सवड ठेवली. आदिवासीच्या जमिनीला गिऱ्हाईकच नसेल तर अडीअडचणीला त्याला कर्ज कोण देणार, हा प्रश्नही खोटा नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या हेतूबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. दलित-आदिवासींच्या हक्कांसाठी त्या माणसाने जे केलं त्यावर आमच्यासारख्यांचा धंदा नव्हे, जगणं उभं आहे. पण कायदा हेतूने चालत नाही, शब्दाने चालतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. आणि तो शब्द सैल राहिला.

का सैल राहिला, याची माझी एक समजूत आहे. ती संविधान सभेतल्या दुसऱ्याच एका वादातून येते. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना आंबेडकरांनी खेड्यावर कडक टीका केली. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा रोख. ते खेडं त्यांनी भोगलं होतं, त्यातली महारवाड्याची वेस त्यांना ठाऊक होती. त्यामुळे स्थानिक पंचांच्या हाती सत्ता देण्यापेक्षा सरकारच्या हाती द्यावी, तिथे निदान कायद्याने दाद मागता येते, हा त्यांचा कल. जयपाल सिंगांचं खेडं वेगळं होतं. त्यात पंचायत होती, पण अस्पृश्यतेची वेस नव्हती. एकाच सभागृहात दोन माणसं ‘गाव’ म्हणत होती आणि दोघांच्या डोळ्यांपुढे वेगळी गावं होती. धुळ्याहून शहाद्याला जाताना मैदानातली गावठाणं बघा, आणि पुढे धडगावच्या घाटात प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात असलेले पाडे बघा. दोघंही बरोबर होते हे बसच्या खिडकीतून कळतं.

राज्यपालाचंही तसंच. सुरुवातीला लोकांनी निवडलेला राज्यपाल हा विचार सभेपुढे होता. मे १९४९ मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल ठरला. म्हणजे सप्टेंबरमध्ये ज्याच्या हाती कडी दिली, तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा माणूस होता. कायदा करणारं मंत्रिमंडळ, आणि तो थांबवायचा सल्ला देणारंही तेच. आपल्या राज्यात तर सल्लागार परिषदेचे अध्यक्षही मुख्यमंत्रीच असतात. राज्यपालाने हा अधिकार स्वतःच्या विवेकाने वापरायचा की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, यावर अजून वाद घातला जातो.

आता परत माझ्या म्हाताऱ्याच्या गाठोड्याकडे. १९४८ चा मसुदा टिकला असता तर १९५७ आधी परिषदेतले आदिवासी आमदार म्हणू शकले असते, कूळकायद्यातलं हे कलम आमच्याकडे आदिवासी मालकाला लावू नका, आणि राज्यपालाला तसं करावंच लागलं असतं. ते तसं म्हणालेच असते का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण अधिकार तरी त्यांचा असता.

प्रत्यक्षात काय झालं? १९६६ च्या महसूल संहितेत कलम ३६ आलं, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन विकता येणार नाही असं. तरी जमिनी जातच राहिल्या, परवानगीने आणि परवानगीवाचूनही. मग शहादा-तळोद्याची माणसं उठली. अंबरसिंग सुरतवंतींनी भिल्लांना बोलतं केलं, १९७२ च्या सुमारास श्रमिक संघटना उभी राहिली. सालदार, मजूर आपल्या गेलेल्या जमिनींचे गट नंबर घेऊन मोर्चात आले. त्यानंतर ६ जुलै १९७४ ला कलम ३६ कडक झालं, ३६अ आलं. पाठोपाठ आदिवासींना जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळवायची वाट त्याने उघडली, आणि कूळकायद्याने गेलेल्या जमिनीसाठी त्यात स्वतंत्र कलम घातलं. सतरा वर्षांचा तो काळ कायद्यात आहे, याचा अर्थ सरकारनेच मान्य केलं की या सतरा वर्षांत राखण झोपली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा अप्पेलवार प्रकरणात हा कायदा उचलून धरला.

म्हाताऱ्याची जमीन याच कायद्याखाली सुटली, तीही तहसीलदार, मग महसूल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय एवढ्या पायऱ्या चढून. ताबा घ्यायच्या दिवशी तो नव्हता, त्याचा मुलगा होता. तलाठ्याने पंचनाम्यावर सही करायला सांगितली तेव्हा मुलाने पेन हातात घेऊन कोऱ्या कागदावर आधी दोनदा आपलं नाव गिरवून पाहिलं, आणि मग सही केली. वडिलांचा आणि आजोबांचा अंगठा होता, म्हणून.

१९९६ च्या पेसा कायद्याबद्दल, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही तो पाठ केलाच असेल. जमीन बाहेर जाऊ न देण्याचा आणि गेलेली परत मिळवण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला आहे. माझ्या लेखी तो जयपाल सिंगांच्या १९४६ च्या भाषणाचं पन्नास वर्षांनी आलेलं उत्तर आहे. लोकशाही तुमच्याकडून शिकायची, हे कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं. महाराष्ट्राचे नियम मात्र २०१४ उजाडल्यावर आले.

परीक्षेत प्रश्न आला तर कलम २४४, उपसमितीचे अध्यक्ष ठक्कर बाप्पा आणि ५ सप्टेंबर १९४९ ही तारीख एवढं लक्षात ठेवा, गुण मिळतील. पण तुम्ही अक्कलकुव्यात आहात, तुमचा सगळा तालुका १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून एक काम सुचवतो. तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून आपल्या गावाच्या १९५७ ते १९७४ च्या फेरफार नोंदी मागा. नकलेची फी किरकोळ आहे. वर्गातल्या मोठ्या मुलांना सोबत बसवा, त्यांना मोडी वाचावी लागणार नाही, बहुतेक सगळं बाळबोध मराठीत आहे. ‘कूळ’, ‘खरेदी’, ‘नजरगहाण’ (ताबा न देता ठेवलेलं गहाण) हे शब्द कुठे येतात आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे कोणती आडनावं आहेत, ते एका वहीत उतरवा. काही सापडलं तर ती वही घेऊन या. कोर्टाच्या मागच्या बाजूला, टायपिस्टांच्या टपऱ्यांपाशी मी चार वाजल्यानंतर असतो.